नगरपालिकेच्या सभेत पहिल्यांदा बसलो : एका गटाराची फाईल

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसतं वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आमच्या नगरपालिकेच्या अगदी समोर आहे. चौदा वर्षं झाली. जन्माचा दाखला, नळजोडणी, घराला नाव लावणं, बेबाकी (थकबाकी नसल्याचा) दाखला, सगळे अर्ज माझ्या काउंटरवरून जातात. कोणाला कुठल्या टेबलावर पाठवायचं हे मला पाठ आहे. तरी इतक्या वर्षांत सभागृहाचा जिना कधी चढलो नव्हतो. गाव क वर्गातलं, म्हणजे २५ ते ४० हजार लोकवस्तीचं. नाव लिहीत नाही, कारण मला कोणाला उघडं पाडायचं नाही, समजून घ्यायचंय.

निमित्त गटाराचं. दीड वर्षापूर्वी आमच्या गल्लीत सिमेंटचं नवं गटार झालं. तेव्हा प्रशासक होता, नगरसेवकच नव्हते. पहिल्याच पावसात पाणी तुंबलं, आणि तेव्हापासून शेवटच्या चार घरांसमोर काळं पाणी कायम उभं. पलीकडच्या काकूंना गेल्या वर्षी डेंग्यू झाला. मी तीन अर्ज दिले. तिन्हींवर गोल शिक्का मारून पोच मिळाली, त्यापुढे काही नाही. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, नवी मंडळी आली. सभा लोकांसाठी खुली असते असं ऐकलं होतं, म्हणून मागच्या आठवड्यात दुकान मुलावर सोपवून जाऊन बसलो.

विषयपत्रिकेवर ३४ विषय. अकराला सुरू झालेली सभा सव्वाबाराला संपली. एका चौकाच्या नावावर वीस-पंचवीस मिनिटं गेली. पाणी शुद्ध करायच्या तुरटी आणि टीसीएल पावडरीच्या खरेदीला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. 'सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर.' अख्खं गाव जे पाणी पितं त्याचा विषय इतक्या लवकर संपला याचं मला खरंच वाईट वाटलं. गटाराचा विषय तर पत्रिकेवर नव्हताच.

माझा प्रश्न सरळ आहे. नगरपालिकेत काम केलेले, निवडून आलेले कोणी इथे असतील तर सांगा : गावाचं रोजचं काम नक्की कुठे ठरतं? आणि आमच्या गटारात उलटा उतार दिलाय, हे मी कोणापुढे सिद्ध करू?

कृष्णाकाठ

चांगला विषय. वाचतोय. मी कराडचा. आमच्या नगरपालिकेचा २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांत देशात पहिला नंबर आला होता, दुसरं सासवड आणि तिसरं लोणावळा. तिन्ही आपलीच. छोट्या गावाला जमत नाही असं कोणी म्हणालं की मी हे सांगतो.

बारनिशीवाला

नदीकाठचा भाऊ, मी नगरपरिषदेत ३३ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. सुरुवात आवक-जावकला, म्हणजे बारनिशीला, मग कर विभाग, शेवटची नऊ वर्षं सभा लिपिक. तुमच्या प्रश्नाने बरं वाटलं. हा प्रश्न समोर बसणारा माणूस क्वचित विचारतो.

आधी तुरटीचं. वर्षभराच्या तुरटीचे दर निविदेतून आलेले असतात, तुलनात्मक तक्ता फाईलला जोडलेला असतो, तो आधी पाहिलेला असला तर सभेत दोन मिनिटं पुरतात. सभेत किती वेळ गेला यापेक्षा तो तक्ता सभेआधी किती जणांनी उघडला, हे विचारा. कायद्याने (आपला महाराष्ट्राचा १९६५ चा नगरपरिषद अधिनियम) सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी आणि विषयपत्रिका सात दिवस आधी सदस्यांच्या हातात पडायला हवी. ती पत्रिका मी स्वतः घरोघर पोचवून सह्या घेतल्या आहेत. काही घरांत ती पुढच्या सभेपर्यंत फ्रिजवर तशीच दिसायची. आणि काही सदस्य, त्यांत चौथी शिकलेल्या एक बाई होत्या, मुलाकडून एकेक विषय वाचून घेऊन पेनाने खुणा करून यायच्या. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देताना अभियंत्याला घाम फुटायचा.

आता तुमचं गटार. गटार सभेत जन्मत नाही. कोणी तरी मागणी करतं, त्यावर अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक बनवतो. त्याला तांत्रिक मान्यता लागते. शिवाय सभेची प्रशासकीय मान्यता, तुमच्या वेळी सभा नव्हती म्हणजे प्रशासकाचा ठराव असणार. मग निविदा, मग कार्यादेश. ठेकेदार काम करतो, अभियंता जागेवर मोजमाप घेऊन मोजमाप पुस्तिकेत लिहितो. आम्ही तिला एमबी म्हणतो. एमबीत लिहिलं तेवढ्याचंच बिल निघतं. बिलातून सुरक्षा अनामत कापून ठेवतात आणि दोष दायित्वाची मुदत संपेपर्यंत ती परत करत नाहीत. मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं.

म्हणून तुमचा अर्ज चुकला असं माझं मत आहे. 'गटार तुंबते, कृपया लक्ष द्यावे' असा अर्ज आरोग्य विभागाकडे जातो. ते माणूस पाठवून गाळ काढतात आणि अर्ज निकाली. तुम्हाला बांधकामाची फाईल हलवायची आहे. त्यासाठी कामाचं नाव, कार्यादेशाचा क्रमांक आणि तारीख लागते. ते घातलेला अर्ज बाजूला सारणं अवघड असतं.

शिवाय उलटा उतार आहे हे तुम्हाला कसं कळलं? एखाद्या गवंड्याला बोलवा, पाण्याच्या लेव्हल नळीने दहा मिनिटांत कळेल. अंदाजाने आरोप करू नका.

चिंचेचं_झाड

हे सगळं ठीक आहे, पण पैसा जातो कुठे? आमच्या गावात चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांची) आकारणी झाली आणि घरपट्टी जवळजवळ दुप्पट आली. सेवा मात्र पूर्वीचीच. एक वर्ष भरली नाही तर महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे दंड. सावकारापेक्षा कमी नाही.

बारनिशीवाला

चिंचेचं झाड, तुमचा राग समजतो, शास्ती गरिबाला फार जड जाते हेही खरं. पण आकारणी झाल्यावर कलम ११९ ची नोटीस आली असेल, तिच्यात हरकतीची मुदत असते. मी सुनावण्यांना बसलो आहे. तीनशे घरांमागे वीस लोक यायचे, आणि त्या विसांतल्या बऱ्याच जणांचं काही ना काही कमी व्हायचं. कोणाचं पत्र्याचं घर आरसीसी लिहिलेलं, कोणाची पडवी खोली म्हणून मोजलेली. मोजणीला आलेली मुलं ठेक्यावरची असतात, चुका होतात. नोटीस घरात आली की कपाटात ठेवू नका.

पैसा जातो कुठे, याचं उत्तर द्यायला जुनं सांगावं लागेल. १९९९ पर्यंत नगरपालिकांना जकात होती. आमच्या नाक्यावर रात्रभर दिवा जळायचा, ट्रक थांबायचे, आणि सकाळी रोकड पेटीतून यायची. नाक्यावर गैरप्रकारही होते, ते झाकत नाही. पण तो पैसा गावाचा स्वतःचा होता. जकात गेली, तिच्या जागी शासनाचं सहायक अनुदान आलं. आमच्याकडे ते सगळं पगारात जायचं. आता स्वतःचं म्हणून घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी एवढंच. बाकी मोठी कामं वरून येणाऱ्या निधीवर, आणि त्यावर आधीच शिक्का असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) १०० रुपयांतले ६० पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. हे चांगलंच आहे, नाहीतर सगळे पेव्हर ब्लॉकमध्ये गेले असते. पण वसुली पन्नास-साठ टक्क्यांवर अडकलेल्या गावाला मोटार जळाली तर रिवाइंडिंगलाही इकडून तिकडून करावं लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मांडवीतीर

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे पणजीची महापालिका सोडली तर १३ नगरपालिका, कायदा १९६८ चा. बाजार फीला इथे सोपो म्हणतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पहाटेच सोपोची पावती फाडायला माणूस फिरतो. भाजी घेऊन बसणाऱ्या बाईला ती पावती म्हणजे आज या जागेवर बसण्याचा आधार वाटतो, म्हणून ती पदराला बांधून ठेवते. नगरपालिकेचं रोजचं काम म्हटलं की मला तीच पावती आठवते.

प्रभाग_सात

मी २०१६ ते २०२१ नगरसेविका होते. महिला राखीव प्रभागातून आले. पहिल्या सभेत मला विचारलं गेलं, 'ताई, साहेब नाही आले?' साहेब म्हणजे माझे पती. मी म्हटलं, निवडून मी आलेय. पुढची पाच वर्षं त्यांनी नगरपालिकेची पायरी चढली नाही, हे मी मुद्दाम सांभाळलं.

रोजचं काम कुठे ठरतं, याचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे. ते पहाटे पाच वाजता व्हॉल्व्हवर ठरतं. माझ्या प्रभागाच्या वरच्या आळीला पाणी यायचं नाही, खालच्या आळीत नळ वाहत राहायचे. दोन वर्षं मी सभेत भांडले. पाइपलाइन बदला, टाकी बांधा, असं काय काय मागितलं. मग एकदा व्हॉल्व्हमनबरोबर सकाळी फिरले. पन्नाशीचा माणूस, गुडघ्याला पट्टा, हातात लोखंडी चावी. कुठला व्हॉल्व्ह किती आटे उघडायचा हे फक्त त्याच्या डोक्यात. कागदावर कुठेही नाही. त्यानेच सांगितलं, 'ताई, खालच्या आळीचा व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आतली चकती झिजलीय. मी सहा महिने सांगतोय.' कोणाला सांगत होता? मुकादमाला. मुकादमाने कोणाला सांगितलं, माहीत नाही. व्हॉल्व्ह बदलला, आणि वरच्या आळीला पाणी आलं. मी ज्या टाकीसाठी भांडत होते तिची गरजच नव्हती.

त्याच वेळी ओटी टेस्ट करायला शिकले. नळाच्या शेवटच्या टोकाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. माझ्या घरचं पाणी पिवळं व्हायचं, आणि वस्तीच्या टोकाच्या घरांत कित्येकदा रंगच यायचा नाही. त्या घरांतली मुलं सारखी जुलाबाने आजारी पडायची. ओटीचं रजिस्टर मात्र महिनाभर रोज 'होकारार्थी'. मी ते रजिस्टर सभेत नेलं तेव्हा मोठा गोंधळ झाला. त्यानंतर नमुना टोकाच्या घरातून घ्यायला सुरुवात झाली. पाच वर्षांतलं हे एक काम मला सगळ्यात मोठं वाटतं आणि त्याची कुठे कोनशिला नाही.

तातडीचं काम असेल तर कलम ५८(२) खाली नगराध्यक्ष सभेआधीच आदेश देऊ शकतात, पुढच्या सभेत ते मांडावं लागतं. डेंग्यू झालाय म्हणता, तर तुमच्या नगराध्यक्षांना तसं लेखी विचारा. मात्र हे कलम फार वापरलं की सभेला अर्थ उरत नाही, हेही सांगते.

कृष्णाकाठ

प्रभाग सात ताई, पाण्यावरून आठवलं. आमच्या शेजारच्या मलकापूरला मीटर लावून चोवीस तास पाणी देण्याची योजना चालली. चोवीस तास म्हटल्यावर लोक जास्त वापरतील अशी सगळ्यांना भीती होती. पण नळ कधीही उघडता येतो म्हटल्यावर कोणी पिंपं भरून ठेवत नाही आणि सकाळी शिळं म्हणून ओतून देत नाही.

पहाटपाळी

माझे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते, आजोबाही. सफाई कामगारांसाठीच्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे मला वारसाने नोकरी मिळत होती. मी ती घेतली नाही, शिकलो, बँकेत आहे. तरी हे लिहायला हवं.

तुम्ही सगळे अकराच्या सभेबद्दल बोलताय. आमच्या घरचा दिवस पहाटे साडेपाचला हजेरी शेडवर सुरू व्हायचा. मुकादम नाव पुकारणार, कोणाला कुठली गल्ली ते सांगणार. वडिलांच्या वाट्याला बहुतेक मटण मार्केट. घंटागाडी आल्यापासून डोक्यावरची पाटी गेली, ही फार मोठी गोष्ट झाली. पण आता गाडीवरची माणसं ठेकेदाराची. त्यांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, हे सभेत किती जण विचारतात? हातमोजे आले की नाहीत, हे कोण बघतं?

ओला-सुका वेगळा करा असं २०१६ च्या नियमांपासून सांगितलं जातंय. लोक एकत्रच टाकतात, आणि गाडीवरचा मुलगा चालत्या गाडीत उघड्या हातांनी निवडतो. डायपर, काचा, सुया. नदीकाठचे दादा, तुमचं गटार साफ करायला जो माणूस येत असेल त्याला एकदा विचारा. पाणी का थांबतं हे त्याला बहुतेक माहीत असेल. त्याला विचारायची पद्धतच नाही आपल्याकडे.

मांडवीतीर

पहाटपाळी, तुमचं वाचून काही वेळ नुसती बसून राहिले.

आमच्या सीमेला लागून वेंगुर्ला आहे. तिथल्या कचरा डेपोच्या जागेवर आता लोक फिरायला जातात, मीही गेले आहे. वास नाही. सुका कचरा कितीतरी प्रकारांत वेगळा रचलेला, ओल्याचा बायोगॅस, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच हवं. पण मला लक्षात राहिल्या त्या तिथे काम करणाऱ्या बायका. आम्हाला दाखवताना त्यांचा आवाज अभिमानाचा होता.

चिंचेचं_झाड

बारनिशीवाले, हरकतीचं माहीत नव्हतं. नोटीस शोधली, सापडली, मुदत गेलेली. चूक माझी. तरी माझा एक आक्षेप राहतोच. ठराव करतात, वर्तमानपत्रात बातमी येते आणि सगळे सुटतात. आमच्याकडे बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहाचा ठराव होऊन सहा वर्षं झाली. जागेवर अजून उकिरडा आहे.

पहाटपाळी

ठराव आणि जागा यांच्यातलं अंतर आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. ५ जानेवारी १९२४ ला महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. एका लहान गावच्या नगरपालिकेचा ठराव. कागदावर तळं खुलं झालं आणि तीन वर्षं आमच्या माणसांपैकी कोणालाही त्यातलं पाणी घेता आलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि परतणाऱ्यांना मार पडला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने तो ठराव रद्द केला. कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

नगरपालिकेचे अध्यक्ष राहिलेले सुरेंद्रनाथ टिपणीस त्या लढ्यात सोबत होते, हेही लक्षात ठेवायला हवं. पण ठराव एका सभेत होतो आणि दुसऱ्या सभेत रद्द होतो. म्हणून मी इतिवृत्त वाचतो. स्वच्छतागृहाचा ठराव रद्द झालाय, की निधीअभावी पडून आहे, की जागाच कोणाच्या नावावर आहे, हे तिथेच सापडेल.

बारनिशीवाला

पहाटपाळी, तुम्हाला नमस्कार.

इतिवृत्ताबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. शासनाचा २०१८ चा निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना नगरपालिकेतले अभिलेख पाहता येतात. माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा लागत नाही. प्रत हवी असेल तर मात्र रीतसर अर्ज, दहा रुपये आणि पानाला दोन रुपये. माझ्या शेवटच्या दोन वर्षांत या वेळेत आलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जाताना कामाचं नाव नीट माहीत करून जा आणि कारकुनावर आवाज चढवू नका. एका कारकुनाकडे तीन टेबलं असतात हल्ली, निवृत्तांच्या जागा भरलेल्या नाहीत. मार्चमध्ये तर जाऊच नका, बिलांची गर्दी असते.

नदीकाठचा

तीन दिवस लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं काही हाती यायची वाट बघत होतो.

आधी गवंड्याला बोलावून लेव्हल नळी लावली. बारनिशीवाले, तुमचे आभार मानावे तेवढे थोडे. उतार बरोबर निघाला. आमच्या टोकाला आठ बोटं खाली. म्हणजे दीड वर्ष मी ज्या गोष्टीवर त्या ठेकेदाराला नावं ठेवली ती खरी नव्हती.

मग पहाटपाळी यांनी सांगितलं तसं गाळ काढायला येणाऱ्या कामगाराला चहाला थांबवलं. चौदा वर्षं त्याला रोज बघतो, पहिल्यांदा बसून बोललो. तो म्हणाला, 'शेठ, गटार पुढं जातंच कुठं? मोरीच नाही. रस्त्याला येऊन संपतं.' मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणारी वाट. मी त्या जागेवरून रोज चालत जातो. पुढे मुरूम टाकून सपाट केलंय, त्यामुळे कधी लक्षातच आलं नाही.

सोमवारी तीनला वर गेलो. फाईल मिळायला चाळीस मिनिटं लागली, पण तिथल्या कारकून बाईंनी शोधून दिली. बसायला खुर्चीही दिली. अंदाजपत्रकात ९२ मीटर गटार आणि रस्त्याखालून मोरी, थेट ओढ्यापर्यंत. एमबीत मोजमाप ८० मीटरचं. बिलही ८० चंच. म्हणजे पैसे कोणी खाल्ले नाहीत. उरलेले १२ मीटर आणि मोरी राहिली, कारण तो रस्ता नगरपालिकेचा नाही, दुसऱ्या खात्याचा आहे आणि फोडायला त्यांची परवानगी लागते. परवानगी मागणारं पत्र फाईलला आहे. त्याला उत्तर नाही. स्मरणपत्रही नाही. मधे अभियंत्याची बदली झाली, मग निवडणूक आली.

एका कागदामुळे दीड वर्ष चार घरं काळ्या पाण्यात राहिली. राग आला, पण आता तो कुठे वापरायचा हे तरी कळलंय.

प्रभाग_सात

अगदी असंच होतं. आता दोन कामं करा. कार्यादेशाचा क्रमांक घालून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या आणि त्याची प्रत त्या खात्याच्या उपविभागीय कार्यालयात स्वतः नेऊन द्या, टपालावर सोडू नका. आणि तुमच्या नगरसेवकांना भेटून संयुक्त पाहणी मागा. दोन खात्यांचे अभियंते एका जागेवर उभे राहिले की पुष्कळ गोष्टी सुटतात. शेवटच्या घरातल्या काकूंना पुढे उभं करा.

बारनिशीवाला

अर्जाच्या विषयात 'उर्वरित १२ मीटर काम व मोरी' असं स्पष्ट लिहा. 'गटार तुंबणेबाबत' असं लिहू नका.

नदीकाठचा

तसंच लिहिलं. दोन्हीकडे पोच घेतली. नगरसेवक नवीन मुलगा आहे, त्याला ही फाईल माहीतच नव्हती. झेरॉक्स दाखवल्यावर माझ्यासमोरच फोन लावला. शुक्रवारी अकरा वाजता दोन्ही अभियंते जागेवर येताहेत. काकू येणार आहेत, गाळ काढणारे भाऊही येतो म्हणालेत, मुकादमाशी मी बोललोय. गवंड्याकडून लेव्हल नळी मागून ठेवली आहे.